गाडीवेड्याची पुस्तकं पंचविसाव्या पानावर का अडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय सव्वीस, राहायला कांदिवली, गाड्यांचं वेड लहानपणापासून. कथा-कादंबऱ्यांत मन रमत नाही, खरं घडलेलं वाचायला आवडतं. म्हणून गाड्यांवरची, उद्योगांवरची नावाजलेली पुस्तकं हौसेनं विकत घेतलीत, पण प्रत्येक पुस्तक पंचवीस-तीस पानांवर अडतं. व्हिडिओ मात्र तासन्‌तास बघता येतात. मग विचारलंयत की एकाग्रता गेली आहे का, गाडीच्या धंद्यातले लोक काय वाचतात, कसं वाचतात, आणि त्याचा उपयोग काय होतो.

मी प्रभादेवीला गॅरेज चालवतो. इंजिन आणि सस्पेन्शन ही आमची मुख्य कामं. धंद्यात पंचविशी उलटली, आणि वाचनाची सवयही जवळजवळ तितकीच जुनी आहे. त्यामुळे पुढे जे सांगतो ते गाळ्यात आणि लोकलमध्ये करून बघितलेलं आहे.

आधी एकाग्रतेचं. गिअरबॉक्स उघडण्याचा लांबलचक व्हिडिओ जो माणूस पापणी न लवता बघतो, त्याच्या एकाग्रतेला काही झालेलं नाही. व्हिडिओ शोधताना तुमच्या डोक्यात नेमका प्रश्न असतो: माझा क्लच जड का झाला, अमुक गाडी पहिल्या गिअरला धक्का का मारते. पुस्तक मात्र तुम्ही 'सगळे चांगलं म्हणतात' म्हणून उघडता. लेखक आपल्या क्रमानं चालत राहतो, आजोबांपासून सुरुवात करतो, कारखान्याची जागा कशी मिळाली ते सांगतो, आणि तुमच्याकडे ते सगळं अडकवून ठेवायला खुंटीच नसते. पंचविसाव्या पानापर्यंत उत्साह पुरतो, पुढे पुरत नाही. म्हणजे तुमची अडचण पुस्तक निवडण्याच्या क्षणापाशी आहे, वाचण्याच्या क्षमतेत नाही.

यात माणसागणिक फरक पडतो, तो आधीच सांगून टाकतो. कुणाला गाडी चालवण्याचं वेड असतं, कुणाला उघडून बघण्याचं, कुणाला कंपन्यांच्या उलाढालींचं, कुणाला नुसत्या रूपाचं. या चौघांची कपाटं वेगळी होणार. दुसरं म्हणजे इंग्रजी. गाड्यांवरचं बहुतेक खोलातलं लिखाण इंग्रजीत आहे, आणि ते वाचताना दर ओळीला अडखळायला होत असेल तर कारण वेगळं आहे, उपायही वेगळा. तिसरं, दिवसातला कुठला वेळ तुमचा स्वतःचा आहे. मी डोंबिवलीहून येतो. सकाळच्या गर्दीत पुस्तक उघडायला कोपर हलवायची सोय नसते, तेव्हा मी वाचायचा प्रयत्नच करत नाही. रात्री उशिराच्या धीम्या गाडीत बसायला मिळतं, ती माझी वाचायची वेळ. तुमची वेगळी असेल, पण ती ठरलेली असावी.

आता मुख्य मुद्दा. पुस्तकाकडे जाताना गाडीनं दिलेला एक प्रश्न बरोबर न्या. 'गाड्यांबद्दल वाचायचंय' हा प्रश्न नव्हे. प्रश्न इतका छोटा हवा की पेट्रोल पंपावर उभं असताना पडावा.

पंपावरचाच घेऊ. हवा भरणारा विचारतो, "किती?" आणि आपण चारही चाकांना एकच आकडा सांगून मोकळे होतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. तो वाचलात तर बऱ्याच गाड्यांत पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो, आणि गाडी भरलेली असताना मागचा आणखी चढतो. का? एवढा प्रश्न घेऊन मी ज्या पुस्तकापाशी पोहोचलो ते अमेरिकेतले ग्राहक-हक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड', १९६५ सालचं. नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्याचं पहिलं प्रकरण शेव्हर्ले कॉर्व्हेअर या गाडीवर आहे. इंजिन मागे, त्यामुळे वजन मागे. मागचं सस्पेन्शन स्विंग ॲक्सल पद्धतीचं, म्हणजे चाकांचे दांडे फक्त डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) बाजूला हलणारे. जोरात वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला की बाहेरचं चाक खालून आत मुडपायला लागतं आणि पकड अचानक सुटते. यावर कंपनीनं काढलेला मार्ग हवेच्या दाबाचा होता: पुढे १५ पीएसआय, मागे २६. पुढची चाकं मुद्दाम मऊ ठेवली की गाडी वळणावर आधी पुढून बाहेर ओढली जाते, आणि मागून घसरायची वेळ टळते. आता कल्पना करा, अमेरिकेतल्या कुठल्याही पंपावरच्या पोरानं चारही चाकांत सारखी हवा भरली की काय होईल. गाडीचा तोल ज्या आकड्यांवर सांभाळलेला होता, तेच पुसले गेले.

हे वाचल्यानंतर आमच्याकडे आलेल्या एकाही गाडीत स्टिकर न बघता हवा भरली जात नाही. पोरांना मी आकडे पाठ करायला सांगत नाही, कारण समजावून सांगतो.

पण नेडरांपाशी थांबू नका. माहितीपर वाचनाची खरी गंमत इथून पुढे आहे. पुस्तक बाजारात आलं तोवर कंपनीनं १९६४ च्या मॉडेलमध्ये पुढे अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) दिला होता, आणि १९६५ च्या मॉडेलला मागचं सस्पेन्शनच नवं होतं. म्हणजे पुस्तकातला दोष मुख्यतः आधीच्या मॉडेलांचा. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं स्वतः चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष काढला की १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेअरचं रस्त्यावरचं वागणं त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हतं. मग नेडर खोटे ठरले का? तसंही नाही. पुस्तकाची बाकीची प्रकरणं कॉर्व्हेअरवर नाहीतच. अपघातात छातीत घुसणारा स्टिअरिंगचा दांडा, डोकं आपटणारा कडक डॅशबोर्ड, धूर, आणि दोष नेहमी ड्रायव्हरवर ढकलायची सवय, यांवर ती आहेत. जनरल मोटर्सनं त्यांच्या मागे गुप्तहेर लावले होते, आणि १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेट समितीसमोर माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. आज तुमच्या गाडीचा स्टिअरिंग कॉलम धडकेत आत दबतो, त्यामागे ही सगळी लढाई आहे.

एका पुस्तकानं मला आरोप दिला, एका सरकारी अहवालानं त्याची मर्यादा दाखवली, आणि दोन्ही वाचून माझं मत बनलं. म्हणून कुठल्याही मोठ्या दाव्याच्या पुस्तकाला मी जोडीदार शोधतो. जोडीदार मिळेपर्यंत त्या पुस्तकातलं मत मी माझं म्हणून कुणाला सांगत नाही. व्हिडिओत हे अवघड जातं, कारण तिथे बोलणारा बहुधा एकटाच असतो आणि पुढचा व्हिडिओ तुम्हाला तेच दुसऱ्या आवाजात ऐकवतो.

छोटा प्रश्न किती लांब नेतो याचं मला सर्वांत प्रिय उदाहरण शिशाचं आहे. जुन्या पद्मिनीसारख्या गाड्यांची इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांना एकच काळजी होती: व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती कडा, झिजणार का? कारण जळलेल्या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये बसून झीज रोखत असे. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून कडक धातूच्या सीट बसवायच्या की नाही, हा तेव्हा गॅरेजातला रोजचा वाद होता. पण शिसं पेट्रोलमध्ये आलंच कशाला? ते वाचायला घेतलं तर थॉमस मिजली भेटतात. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी दाखवलं की टेट्राइथिल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये घातलं की इंजिन ठोकत नाही, म्हणजे आत पेट्रोल अवेळी पेटून खडखड होत नाही. पुढे त्या शिशानं कारखान्यातले कामगार दगावले, मिजली स्वतःही आजारी पडले. आणखी पुढे गेलं की क्लेअर पॅटरसन भेटतात. हा माणूस गाड्यांशी संबंधितच नाही. पृथ्वीचं वय काढायला ते दगडांतलं आणि उल्कांतलं शिसं मोजत होते, आणि जिथे तिथे बाहेरचं शिसं मिसळून त्यांचं मोजमाप बिघडत होतं. त्यांनी वय काढलं, सुमारे साडेचार अब्ज वर्षं. मग ते बाहेरचं शिसं येतं कुठून याच्या मागे लागले, आणि उत्तर येऊन ठेपलं मोटारीच्या धुरापाशी. तेल कंपन्यांचा रोष पत्करून ते हे सांगत राहिले. व्हॉल्व्ह सीटपासून निघून पृथ्वीच्या वयापर्यंत पोहोचलो, आणि मधला एकही टप्पा मला ओढूनताणून वाचावा लागला नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण सुरुवात कुठून? तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पाकिटात, एक पुस्तक न उघडता पडलेलं असतं. ओनर्स मॅन्युअल. ते सलग वाचू नका, पेन्सिल घेऊन चाळा, आणि जिथे 'असंच का?' वाटेल तिथे खूण करा. ऑइलची प्रत अमुकच का, टायमिंग बेल्ट बदलायला किलोमीटर आणि वर्षं दोन्ही का दिली आहेत, टोइंग करताना वेगाची मर्यादा का घातली आहे. माझ्या अंदाजानं एका मॅन्युअलमध्ये वर्षभराचं वाचन निघतं. त्याच्या पुढची पायरी वर्कशॉप मॅन्युअलची. त्यात हेडचे बोल्ट कसे आवळायचे याचा क्रम आकड्यांनी दिलेला असतो: मधल्यापासून सुरुवात, आलटून पालटून बाहेरच्या बाजूला, आणि एका दमात नाही, दोन-तीन टप्प्यांत. मॅन्युअल कारण देत नाही. कारण असं की मधून दाबत गेलं की पॅकिंग सारखं पसरून बसतं आणि हेडला पीळ पडत नाही. कडेपासून आवळलं तर मधे फुगवटा अडकून राहतो. हे कारण ज्यानं वाचलंय तो कारागीर घाईच्या दिवशीही क्रम मोडत नाही.

आता कंपन्यांच्या आणि कारखान्यांच्या पुस्तकांकडे वळतो, कारण तुमची अडलेली पुस्तकं बहुतेक त्याच जातीची दिसतात. त्यांतलं एकच सुचवायचं तर मी ताईइची ओनो यांचं टोयोटाच्या उत्पादन पद्धतीवरचं पुस्तक सुचवेन. जपानीत १९७८ मध्ये आलं, इंग्रजीत १९८८ मध्ये. पातळ आहे. त्यात 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचं उदाहरण आहे: मशीन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं, आणि असं खाली उतरत उतरत शेवटी सापडतं की पंपाला गाळणीच नव्हती म्हणून धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून तुम्ही मोकळे झालात तर पुन्हा उडणार. आमच्याकडे अशीच एक गाडी फॅनबेल्टसाठी परत परत यायची, इतर ठिकाणीही बेल्ट बदलून झाले होते. बेल्ट का तुटतो? त्यावर ऑइल पडतं. ऑइल कुठून? टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून. पॅकिंग नवं असून का गळतं? आतला दाब वाढतो. दाब का वाढतो? इंजिनातली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप काजळीनं तुंबलेला. पाइप साफ केला, पॅकिंग बदललं, काम संपलं. तुम्ही उपयोग विचारलात ना, तो हा असा होतो.

याच पुस्तकानं मला गाड्यांच्या बाहेर नेलं, आणि तेही माझ्याच गल्लीत. ओनो आधी कापडाच्या कारखान्यात होते. टोयोटाची मुळं कापड विणायच्या मागांत आहेत. साकिची टोयोदा यांनी असा माग बनवला की सूत तुटलं की तो आपोआप थांबायचा, त्यामुळे खराब कापड विणलंच जायचं नाही. चूक झाली की यंत्रानं स्वतः थांबावं, ही कल्पना तिथून मोटारींच्या कारखान्यात आली. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सना विकले गेले. प्लॅट ब्रदर्स! या कंपनीची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांतही होती. माझा गाळा गिरणगावात आहे. ज्या भिंतींवरून रोज जातो त्यांच्या आड एके काळी काय चालायचं हा प्रश्न मला एका मोटारीच्या पुस्तकानं दिला. मग गिरण्यांवर वाचायला लागलो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, त्याआधीची चाळीतली खोली, खानावळी, बदली कामगारांची (कायमचा कामगार गैरहजर असला तरच काम मिळणाऱ्यांची) ताटकळ. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे गिरणगावातल्या माणसांच्या बोलण्यातून उभं राहिलेलं पुस्तक मी त्या ओघात वाचलं. त्याआधी कुणी हातात ठेवलं असतं तर कदाचित तुमच्यासारखंच अडलो असतो. प्रश्न घेऊन गेलो म्हणून शेवटपर्यंत गेलो.

मुंबईत राहून असे प्रश्न जागोजाग मिळतात. शिवडीत १९२८ मध्ये जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना सुरू झाला आणि १९५४ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. का? नुसती जुळणी नको, सुटे भागही इथेच बनवा, असं सरकारचं धोरण आलं म्हणून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर कुर्ल्यात टिकली आणि तिची पद्मिनी काळीपिवळी होऊन ऑक्टोबर २०२३ पर्यंत आपल्या रस्त्यांवर राहिली. या दोन वाक्यांच्या मध्ये देशाच्या औद्योगिक धोरणावरचं एक अख्खं कपाट आहे, आणि ते रुक्ष वाटणार नाही, कारण पद्मिनीच्या मागच्या सीटवर तुम्ही बसलेले आहात.

वाचताना मी काय करतो ते पटकन सांगतो. पुस्तक हाती आलं की पहिल्यांदा छापल्याचं वर्ष बघतो, कारण गाडीवरचं सत्य मॉडेलच्या वर्षाला बांधलेलं असतं. मग शेवटची सूची उघडून माझा प्रश्न कुठल्या पानांवर आहे ते शोधतो आणि तिथूनच वाचायला लागतो. पहिलं पान पहिल्यांदा वाचलं पाहिजे असा कुठलाही नियम नाही. मधलं प्रकरण आवडलं की माणूस आपणहून मागे जातो. एक साधी वही असते, तिच्यात प्रश्न, पान क्रमांक आणि माझ्या शब्दांत उत्तर. आकृत्या असलेली पुस्तकं गाडीत वाचत नाही, घरी टेबलावर, आणि आकृती स्वतः काढून बघतो. प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि पुढे ओढ वाटली नाही, तर पुस्तक तिथे ठेवून देतो. ते अर्धवट राहिलं असं मी मानत नाही, त्याचं माझ्यापुरतं काम झालेलं असतं.

मराठीचं विचाराल तर यंत्रांवर आपल्याकडे कमी लिहिलं गेलंय, पण जे आहे ते भक्कम आहे. मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो. त्यातल्या मोटारगाडी आणि अंतर्ज्वलन-एंजिन या नोंदी इंग्रजी पुस्तक घेण्याआधी वाचा, अर्धी भीती जाईल. उद्योजकांची मराठी चरित्रं-आत्मचरित्रंही शोधा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते, मग बेळगावला सायकलचं दुकान, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. आणि तो नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात. नवं यंत्र लोकांच्या गळी उतरवण्याची ही गोष्ट इलेक्ट्रिक गाड्यांच्या आजच्या वादात मला सारखी आठवते.

पुस्तकं नवीनच हवीत असं नाही. हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुनी पुस्तकं मिळतात. माटुंग्याला इंजिनिअरिंगची जास्त. मात्र जुनं क्रमिक पुस्तक घेताना गणितं-समीकरणं बघून घाबरू नका, थर्मल इंजिनिअरिंगच्या पुस्तकातली नुसती वर्णनाची पानं वाचली तरी पुष्कळ कळतं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय. ग्रंथालयाची वर्गणी घेतलीत की पुस्तक आवडलं नाही तर परत द्यायची सोय होते, आणि पैसे गेल्याची टोचणी वाचनात मध्ये येत नाही.

पुस्तकांनी काय होत नाही, तेही सांगितलं पाहिजे. बेअरिंगचा घोंगाट आणि टायरचा आवाज यांतला फरक कान तयार झाल्याशिवाय कळत नाही. दाराचा आतला पॅनल कुठल्या क्लिपपासून उपटायचा हे व्हिडिओत दोन मिनिटांत दिसतं, तिथे पुस्तकाच्या मागे लागू नका. कुठल्या प्रश्नाला हात हवा, कुठल्याला व्हिडिओ आणि कुठल्याला पुस्तक, हे थोड्या दिवसांत तुमचं तुम्हालाच उमगेल. 'कसं करायचं' हे बघून शिका. 'असं का आहे' आणि 'हे कुणी ठरवलं' यांसाठी पुस्तक लागतं.

तुमच्याकडच्या अडलेल्या पुस्तकांचं काय करायचं तेवढं सांगून थांबतो. टाकू नका, पुन्हा पहिल्या पानापासूनही सुरू करू नका. आधी मॅन्युअल घेऊन बसा, चार-पाच प्रश्न वहीत लिहा, आणि मग त्या पुस्तकांच्या सूचीत त्यांतला एखादा सापडतो का बघा. तुमची स्वतःची गाडी कुठली आहे आणि ती सध्या कशावरून त्रास देते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मॉडेल आणि वर्ष कळवा, म्हणजे त्या त्रासावरून पहिलं पुस्तक मला नेमकं सुचवता येईल.